आप्पांची फियाट आणि रंगाचे धडे

सबमिशनच्या आदल्या रात्री आपल्या होस्टेलवर काय चालतं ते वेगळं सांगायला नको. एकाचं जर्नल सहा जणांच्या कॉटवर फिरतं, ग्राफवरचे हट्टी पॉइंट रबराने खोडून रेषेवर आणून बसवले जातात, आणि सकाळी वरून ब्राऊन पेपरचं कव्हर चढलं की सगळं कसं छान दिसतं! मीही त्यातलीच.

पण गेल्या मे महिन्यात असंच एक ‘सबमिशन’ मी पाबळला, माझ्या आजोबांच्या गाडीवर केलं. दिवाळीच्या सुट्टीत ते माझं मलाच खरवडून काढावं लागलं. मटेरियल सायन्सच्या अख्ख्या सेमिस्टरमध्ये जे डोक्यात शिरलं नव्हतं ते त्या खरवडण्यात शिरलं. तेच इथे मांडते आहे. जुनी गाडी प्रत्येकाकडे नसेल, पण स्कूटर, गेट, निदान लोखंडी कपाट तरी असतंच. तेव्हा कुणाला ना कुणाला उपयोग होईल.

गाडी आणि गाव

आजोबांना आम्ही सगळे आप्पा म्हणतो. त्यांची गाडी म्हणजे १९७२ ची फियाट ११०० डिलाइट. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली आणि तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यात पुढे फियाट गाड्या बनू लागल्या. १९५० च्या दशकातली गोलमटोल ११०० म्हणजे लोकांची ‘डुक्कर फियाट’. तिच्यानंतर १९६४ पासून चौकोनी तोंडवळ्याची डिलाइट आली, आणि १९७० च्या दशकात हीच गाडी प्रीमियर पद्मिनी या नावाने विकली जाऊ लागली. मुंबईची काळीपिवळी टॅक्सी ती हीच. उत्पादन २००० च्या सुमारास थांबलं, आणि २०२३ च्या ऑक्टोबरअखेर शेवटची पद्मिनी टॅक्सीही मुंबईच्या रस्त्यावरून गेली. १०८९ सीसीचं इंजिन, स्टिअरिंगच्या दांड्यावर गिअर, आणि दार लावलं की येणारा तो भरीव आवाज. आमच्या पिढीला हे सगळं सिनेमातलं वाटतं.

पाबळ म्हटलं की लोकांना मस्तानीची समाधी आठवते. पण आपण इंजिनिअरिंगवाल्यांनी हे नाव आणखी एका कारणासाठी लक्षात ठेवायला हवं. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली इथे विज्ञान आश्रम सुरू केला. हाताने काम करता करता शिकायचं, हे त्या आश्रमाचं सूत्र. जुन्या जीपचे भाग वापरून ‘मेकबुल’ नावाचा छोटा ट्रॅक्टर तिथे बनला, आणि २००२ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीच्या सहकार्याने तिथे फॅब लॅब सुरू झाली. आमच्या गावात वेल्डिंग चांगलं येणारी माणसं सहज सापडतात त्यात आश्रमाचा वाटा आहे. ते मला पुढे फार उपयोगी पडलं.

आप्पांनी फियाट १९८४ साली सेकंडहँड घेतली. तेव्हा आमच्या आळीत दुसरी गाडी नव्हती. रात्री-अपरात्री कुणा बाळंतिणीला राजगुरुनगरला न्यायचं असलं की आप्पांचंच दार वाजायचं. गेली दहा वर्षं मात्र गाडी गोठ्याशेजारच्या शेडमध्ये उभी होती. गेल्या वर्षी चुलतभावाने इंजिन सुरू केलं आणि बॉडीचं काम माझ्या गळ्यात आलं. कारण काय, तर मी मेकॅनिकलची! आप्पांना वाटतं मेकॅनिकल म्हणजे पाना आणि हातोडी. आमच्याकडे तीन वर्षांत पाना किती वेळा हातात आला हे मी त्यांना सांगितलं नाही.

मे महिन्यातलं सबमिशन

माझ्याकडे तीन आठवडे होते. डाव्या बाजूचा जुना रंग घासायला घेतला. दारांच्या खाली, गाडीच्या लांबीभर, पत्र्याची एक पोकळ पेटी असते. तिला सिल म्हणतात. तिथे स्क्रू-ड्रायव्हर टेकवला आणि तो सरळ आत गेला. लिंबाएवढं भोक पडलं.

मी काय करावं? वर्तमानपत्राचा बोळा करून भोकात कोंबला, वरून लांबी भरली, घासली, स्प्रेचा डबा आणून रंग मारला. दोन तासांत भोक नाहीसं! आप्पा आले, हात फिरवून म्हणाले, “झ्याक झालंय की गं.” मी काहीच बोलले नाही.

त्याच उत्साहात बॉनेटवर सरफेसर मारला आणि पाच मिनिटांत अख्ख्या बॉनेटवर सुरकुत्या आल्या, दुधावरच्या सायीसारख्या. ते का झालं ते कळेना. गोणपाट टाकून मी पुण्याला पळाले.

पाऊस झाला. दिवाळीला आले तर डाव्या सिलवर गव्हाच्या दाण्याएवढे फोड उठलेले. आप्पांना त्याचं काही वाटलं नाही. “जरा घास आणि परत एक हात मार,” म्हणाले. भाऊबीज झाली की पाचही नातवंडांना गाडीत घालून कन्हेरसरच्या यमाईला जायचं, असा त्यांचा बेत ठरला होता.

इथे एक गोष्ट समजून घ्यायला हवी. जीपला खाली वेगळी चॅसी असते. बॉडी कुजली तरी चॅसी भार पेलते. ११०० फियाट तशी नाही. तिची बॉडीच चॅसी आहे, म्हणजे आपण पुस्तकात वाचतो ती मोनोकॉक रचना. छत, फरशी, खांब आणि दोन्ही बाजूंच्या सिल मिळून भार घेतात. म्हणजे मी ज्या भोकात वर्तमानपत्र कोंबलं होतं तो गाडीचा सांगाडा होता. वाकण्याचा भार येतो तेव्हा पेटीसारखा सेक्शन का चांगला आणि त्याचा खालचा पत्रा गेला तर काय होतं, हे मी एसओएमच्या पेपरात लिहून मार्क घेतले होते. आणि त्याच पेटीत मी पेपरचा बोळा भरून ठेवला होता.

रात्री झोप लागेना. लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आप्पांना सगळं सांगितलं. त्यांनी खिशातून नाणं काढलं, सिलवर पुढून मागे ठोकत गेले. चांगल्या पत्र्याचा आवाज खणखणीत येतो, लांबीचा बद्द येतो. हातभर अंतरात तीन ठिकाणी बद्द आवाज आला. भोक एकच नव्हतं तर! आप्पा बराच वेळ गप्प होते. मग एवढंच म्हणाले, “आत्ता सांगितलंस ते बरं केलंस. पोरं बसली असती.”

यमाईचा बेत पुढे ढकलला. मुंबईत टॅक्सी रंगवण्यात उमेद घालवलेले आणि आता गावी परतलेले एक पेंटरमामा आहेत, त्यांना आप्पांनी बोलावून आणलं. आणि माझी खरी टर्म सुरू झाली.

धडा पहिला : गंज वरून येत नाही, आतून येतो

गंज म्हणजे एक छोटी बॅटरीच. पत्र्याच्या एका जागी लोखंड इलेक्ट्रॉन सोडून विरघळतं, दुसऱ्या जागी पाणी आणि ऑक्सिजन ते इलेक्ट्रॉन घेतात. मधलं पाणी म्हणजे इलेक्ट्रोलाइट. लोखंड, पाणी आणि हवा यातलं एक काढलं की बॅटरी बंद. लोखंड काढता येत नाही, म्हणून रंग लावून उरलेल्या दोघांना बाहेर ठेवायचं. रंगाचं पहिलं काम हे आहे, शोभा नंतर.

तयार झालेला गंज मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त जागा घेतो. त्याला जागा हवी असते, म्हणून तो रंग वर उचलतो. फोड दिसतो तेव्हा खालचं काम बरंच आधी सुरू झालेलं असतं.

माझी लांबी फुगली त्याला आणखी एक कारण होतं. गाडीच्या कामाची लांबी ही हार्डनर घालून घट्ट होणारी पॉलिस्टरची असते आणि तिच्यात टाल्कसारखी पूड असते. ती पाणी शोषून घेते. मी धूळ उडू नये म्हणून वॉटर पेपरने, पाणी लावून घासली. ते पाणी लांबीत बसलं आणि रंगाखाली कोंडलं गेलं. मामांचा नियम सोपा आहे : जुना रंग ओला घासायचा, लांबी कोरडी घासायची. जुना रंग ओला का, तर जुन्या रंगांमध्ये शिसं असू शकतं आणि ती धूळ श्वासात जाता कामा नये. लांबी घासताना मात्र मास्क लावायचाच.

मग डावी सिल उघडली. कुजलेला पत्रा चांगला पत्रा लागेपर्यंत कापला. आश्रमात शिकलेल्या एका वेल्डरदादांनी नवा पत्रा वाकवून बसवला. मधे मधे टाके घेत, थंड होऊ देत, कारण सलग वेल्डिंग केलं तर पातळ पत्रा उष्णतेने मुरडतो. जोडाच्या जागी आधी झिंक प्रायमर लावला. उरलेल्या बारीक गंजावर फॉस्फोरिक ॲसिडवालं रस्ट रिमूव्हर लावलं, धुतलं, वाळवलं आणि त्याच दिवशी इपॉक्सी प्रायमरचे दोन हात दिले. उघडा पत्रा रात्रभर ठेवला की सकाळी त्याच्यावर तांबूस छटा दिसते. सिलच्या खाली पाणी निचरण्याची भोकं असतात. माझ्या आधीच्या कुठल्या तरी शहाण्याने ती बुजवली होती. ती मोकळी केली. खरा गुन्हेगार तोच! पाणी आत गेलं, बाहेर यायला वाट नव्हती.

उजवी सिलही ठोकून पाहिली. ती खणखणीत निघाली. तेवढंच नशीब.

धडा दुसरा : नव्या रंगाने जुन्या रंगाला विचारून यावं

बॉनेटवरच्या सुरकुत्यांचं कोडं मामांनी एका मिनिटात सोडवलं. थिनरमध्ये भिजवलेला कापूस जुन्या रंगावर धरला. रंग मऊ पडला आणि सुरकुतला. “सिंथेटिक हाय. त्याच्यावर तुम्ही एनसी मारलं, ताई.”

रंग ‘वाळतो’ असं आपण सरसकट म्हणतो. पण वाळण्याचे निदान तीन प्रकार आहेत.

पहिला, नायट्रोसेल्युलोज, म्हणजे एनसी. गॅरेजमध्ये त्याला ड्यूको म्हणतात. यातला थिनर उडून जातो आणि रंग मागे राहतो. रासायनिक बदल काहीच नाही. त्यामुळे वर्षांनंतरही थिनर लावला की तो परत विरघळतो आणि कापसाला लागतो.

दुसरा, सिंथेटिक इनॅमल. यात अल्किड रेझिन असतं. आधी थिनर उडतो, मग रेझिन हवेतला ऑक्सिजन घेऊन हळूहळू जाळं विणतं. एनसीचा कडक थिनर या जाळ्यात शिरला की ते फुगतं, वर उचललं जातं आणि सुरकुत्या पडतात.

तिसरा, दोन डब्यांचा पॉलियुरेथेन, म्हणजे गॅरेजचा ‘टू-के’. रंग आणि हार्डनर मिसळले की दोघांची रासायनिक गाठ बसते. कारखान्यातले भट्टीत भाजलेले रंगही असेच पक्के जाळ्याचे असतात. यांच्यावर थिनरचा कापूस धरला तरी काही होत नाही.

म्हणून पहिली पायरी म्हणजे कापसाची चाचणी. आमच्या बॉनेटचा रंग पूर्ण काढून पत्र्यापासून सुरुवात करावी लागली. बाकीच्या गाडीवर आम्ही जुन्या सिंथेटिकवर सिंथेटिकच द्यायचं ठरवलं, म्हणजे भांडण नको.

घासता घासता गाडीचा इतिहास निघत होता. वर पांढरा, खाली निळा, त्याखाली राखाडी. आप्पा पहिल्यापासून म्हणत होते की गाडी घेतली तेव्हा राखाडी होती, आणि घरात कुणाला ते पटत नव्हतं. डिकीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला मूळ राखाडी रंग शाबूत सापडला. आरसी बुकातही तोच. आप्पांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता! आरसीवर रंगाची नोंद असते, त्यामुळे रंग बदलायचा तर आरटीओकडे नोंद बदलून घ्यावी लागते. आम्ही मूळ रंगावरच गेलो. आता गाडीला ५० वर्षं झाली, तेव्हा २०२१ च्या नियमांप्रमाणे ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते. पण तशी नोंद केली की गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही, प्रदर्शन आणि रॅलीपुरतीच. आप्पांनी ते ऐकलं आणि म्हणाले, “मग काय पूजा करायची का तिची?” विषय संपला.

धडा तिसरा : सगळ्यात चांगला रंग आपल्याला चालेलच असं नाही

माझं मन टू-केवर होतं. काचेसारखी चमक, पेट्रोल सांडलं तरी काही होत नाही, वर्षानुवर्षं टिकतो. मामांनी मान हलवली. त्यांनी स्वतः बरीच वर्षं तोंडाला रुमाल बांधून गाड्या मारल्या होत्या. आता चार पायऱ्या चढल्या की त्यांना दम लागतो.

मग मी हार्डनरबद्दल वाचलं. टू-केच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतात. स्प्रे करताना त्यांचे सूक्ष्म थेंब फुप्फुसात जातात. एखाद्या माणसाचं शरीर एकदा त्यांना बिचकलं की पुढे अगदी थोड्या प्रमाणानेही दम्याचा झटका येऊ शकतो, आणि ते बिचकणं सहसा आयुष्यभर राहतं. धोका एवढा असूनही वासावरून तो कळत नाही. कोळशाचा मास्क कधी संपला हेही त्यामुळे लक्षात येत नाही. म्हणून असं काम करणाऱ्याला बाहेरून स्वच्छ हवा पुरवणारा मास्क लागतो आणि बंद, हवा ओढून घेणारं बूथ लागतं. रुमाल म्हणजे नुसती समजूत.

आमच्याकडे होतं काय? अंगण, शेड आणि भाड्याचा कॉम्प्रेसर. घरात आजी, तिला दमा. शेजारच्या घरात सहा महिन्यांचं बाळ.

आपल्याला मटेरियल सिलेक्शन शिकवतात तेव्हा तक्ते असतात : कडकपणा, चमक, आयुष्य, किंमत. त्या तक्त्यात ‘शेजारी बाळ आहे’ असा कॉलम नसतो. पण निर्णय त्या कॉलमवरच झाला. आम्ही सिंथेटिक इनॅमल निवडलं. ते जास्त वेळ ओलं राहतं, त्यावर धूळ बसते, चमक काही वर्षांत उतरते, हे सगळं माहीत असून. त्याचाही थिनर काही अमृत नाही, म्हणून आजीला चार दिवस मंचरला आत्याकडे पाठवलं, शेजाऱ्यांना आधी सांगितलं, कोळशाचे मास्क लावले आणि चूल, बिडी, ठिणगी यातलं काहीही शेडजवळ येऊ दिलं नाही. ज्यांना टू-केच हवा असेल त्यांनी घासकाम घरी करावं आणि शेवटचा रंग बूथ असलेल्या गॅरेजमध्ये मारून घ्यावा. त्यात कमीपणा काही नाही.

धडा चौथा : किती रंग लागेल?

इथे मला माझी हुशारी दाखवायची संधी मिळाली. सूत्र सोपं आहे. रंगातल्या घन भागाची आकारमानातली टक्केवारी गुणिले १०, भागिले वाळलेल्या थराची जाडी मायक्रॉनमध्ये. उत्तर येतं ते एका लिटरमध्ये किती चौरस मीटर.

घन भाग ४० टक्के धरला आणि थर ५० मायक्रॉन, म्हणजे साधारण आपल्या केसाच्या जाडीएवढा, हवा असेल तर ४०० भागिले ५०, म्हणजे लिटरला ८ चौरस मीटर. वर्तमानपत्रं चिकटवून मी गाडी मोजली (वर्तमानपत्राचा यावेळी योग्य वापर!). ११ चौरस मीटर भरली. म्हणजे सुमारे १.४ लिटर. पण साध्या स्प्रे गनमधला बराचसा रंग हवेत जातो. पत्र्यावर ३५ टक्के बसतो असं धरलं तर १.४ भागिले ०.३५, म्हणजे ४ लिटर.

मी वही घेऊन मामांकडे गेले. त्यांनी न विचारताच सांगितलं, “चार लिटरचा डबा आणा, ताई.” असो.

यात ध्यानात ठेवायची गोष्ट ही की, थिनर कितीही ओतला तरी घन भाग वाढत नाही. रंग ‘पुरवण्यासाठी’ थिनर वाढवणं म्हणजे आमटीत पाणी घालणं. ताट भरतं, पोट नाही.

धडा पाचवा : हवा, हात आणि धीर

प्रायमरवर सरफेसर, त्यावर काळ्या रंगाची अगदी विरळ फवार. याला गाइड कोट म्हणतात. मग लाकडी ठोकळ्यावर ३२० नंबरचा पेपर गुंडाळून घासायचं. उंचवट्यावरचा काळा आधी जातो, खड्ड्यातला राहतो. डोळ्यांना न दिसणारी चूक काळ्या ठिपक्यांतून दिसते. शेवटी ६०० आणि ८०० नंबरचा वॉटर पेपर. सरफेसर लांबीसारखं पाणी पीत नाही, पण तरी पूर्ण वाळू द्यायचं. या घासण्यात सहा दिवस गेले. प्रत्यक्ष रंग मारायला लागले दोन दिवस, दिवसाला दोन तास. हे प्रमाण पाहून मी थक्क झाले.

पाबळ पर्जन्यछायेतलं गाव. दिवाळीनंतर हवा कोरडी, पण पहाटे दव पडतं. रंग ओला असताना त्यावर दव पडलं की चमक मरते. एनसीचं तर आणखी वाईट : थिनर इतक्या झपाट्याने उडतो की पत्रा गार पडतो, हवेतलं बाष्प त्यावर जमतं आणि रंगावर पांढुरकी झाक येते. म्हणून पत्र्याचं तापमान दवबिंदूच्या निदान ३ अंश वर हवं. आम्ही दोन साधे थर्मामीटर घेतले, एकाच्या टोकाला ओली चिंधी बांधली. सकाळी अकराला कोरडा ३० दाखवत होता, ओला २२. तक्त्यावरून आर्द्रता साधारण ५० टक्के, दवबिंदू १८-१९ अंश. ठीक. सकाळी सातला हेच दोन्ही थर्मामीटर जवळजवळ सारखंच दाखवत होते. म्हणून अकरा ते एक हीच वेळ, आणि संध्याकाळच्या आत गाडी शेडच्या आत. शेडच्या जमिनीवर पाणी मारून ठेवलं, धूळ उठू नये म्हणून.

रंग पातळ किती करायचा? फोर्ड कप नावाची तळाला भोक असलेली वाटी असते. भरून सोडायची आणि धार तुटेपर्यंत सेकंद मोजायचे. आम्ही २० च्या आसपास ठेवले. जाड राहिला तर संत्र्याच्या सालीसारखा पृष्ठभाग येतो, पातळ झाला तर ओघळतो. गन पत्र्यापासून वीतभर अंतरावर, पत्र्याला समांतर. मनगट वळवून झाडू मारल्यासारखं नाही, अख्खा हात सरकवायचा. प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर निम्मा चढला पाहिजे. घोडा दाबायचा तो पत्र्याच्या कडेच्या बाहेर, सोडायचाही बाहेर. पहिला हात विरळ, अगदी खालचं दिसेल इतका. नवशिक्याचा हात इथेच चुकतो. एकाच हातात सगळं झाकायची घाई होते.

मी डावी बाजू मारली, मामांनी उजवी आणि बॉनेट. डाव्या मागच्या मडगार्डवर माझ्याकडून दोन ओघळ आले. मी लगेच बोट लावायला गेले तर मामा ओरडले. ओल्याला हात लावायचा नाही, पूर्ण वाळल्यावर घासून परत मारता येतं.

पण ते ओघळ अजून तिथेच आहेत. पंधरा दिवसांनी मी वॉटर पेपर घेऊन गेले तेव्हा आप्पांनी घासू दिलं नाही. म्हणाले, “राहू दे. ते वरचं हाय. खालचं पक्कं झालंय ना?”

शेवटी

नाताळच्या सुट्टीत आम्ही कन्हेरसरला जाऊन आलो. आप्पा चालवत होते, पाच नातवंडं आत, आणि मी मागच्या सीटवर डाव्या बाजूला, बरोबर त्या सिलच्या वर बसले होते. मुद्दामच बसले. खड्डे आले तशी गाडी करकरली, पण तो आवाज दाराच्या जुन्या रबराचा होता, हे मला माहीत होतं. कारण खालचा पत्रा मी उघडून पाहिला होता.

रंग काही लपवत नाही, थोडे दिवस थांबतो इतकंच. खाली जे असेल ते पाऊस पडला की वर येतं. आपल्या जर्नलमधले रेषेवर आणून बसवलेले पॉइंट आहेत ना, त्यांचंही तसंच असावं. व्हायव्हाला एखादे सर नाणं घेऊन ठोकतात आणि आवाज बद्द येतो. हे मी उपदेश म्हणून सांगत नाही. या सेमिस्टरला माझाही एक ग्राफ वाकडा आला, तो तसाच वाकडा दिला. सरांनी कारण विचारलं. सांगता आलं.

आणि हो, कुणाच्या घरी जुनी गाडी उभी असेल तर रंगाचा डबा आणायच्या आधी एक नाणं घेऊन सिल ठोकून बघा. खर्च शून्य.